अण्णा पाण्यामागं गेले तेव्हा

माझ्या वडिलांना बसता येत नसे. पायात काही दुखणं होतं असं नाही. स्वस्थ बसणं त्यांना जमतच नव्हतं. जेवायलासुद्धा उकिडवे बसत आणि शेवटचा घास तोंडात असतानाच उठत. आई म्हणायची, "यांच्या बुडाखाली विस्तव हाय." रोजगार हमीच्या कामावर दुपारची सुट्टी झाली की बाकीचे झाडाखाली टेकायचे आणि अण्णा दुसऱ्याच्याच खड्ड्यात उतरून कुदळ मारत राहायचे. अशा माणसाला माझ्या परीक्षेसाठी परंड्यातल्या एका लॉजच्या खोलीत नऊ दिवस काढावे लागले.

मी तेव्हा दहावीला होते. शाळा ईटला, आणि आमची वस्ती तिथून तासाभराच्या चालीवर. बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पाठीवर होते, त्यामुळं तो मला ऐकूनच माहीत. हा त्याच्यानंतरचा, ऐंशी साल उलटून गेल्यावरचा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. आमचं तीन एकराचं खडकाळ रान पडून होतं आणि आई-अण्णा दोघंही बांध घालायच्या कामावर जात होते. आमच्या बौद्ध वस्तीतली दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. केंद्र आलं परंड्याला. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते नव्हतं. मुलगी एकटी कशी राहणार, म्हणून अण्णांनी कामावर खाडा सांगितला आणि पिशवीत आईनं बांधून दिलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझी पुस्तकं घेऊन आम्ही एसटीत बसलो. बसलो म्हणजे मी बसले.

उतरायचं ठरलं होतं ते आत्याकडं. अण्णांची ही चुलत बहीण परंड्यातच दिलेली. तिच्या दारात पोचलो तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. दुष्काळानं खेड्यातली तीन बिऱ्हाडं तिच्याकडं येऊन पडली होती. चुलीभोवती पोरं, ओट्यावर पोरं, एकाला ताप. आत्यानं मला जवळ घेतलं, म्हणाली, "कोपऱ्यात अंथरू की. पोरगी काय मैदान मागती का?"

अण्णांनी कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं एक बाई बाळाला पाजत होती. "आक्का," अण्णा म्हणाले, "तुझा जीव मोठा हाय, पन घर तेवढंच हाय. हिला वाचायला बसायचंय."

"मग कुठं जाशील?"

"बगतो की. गावात लॉज असंल."

"लॉजात? पोरीला घिऊन लॉजात ऱ्हातेत का कुनी?"

अण्णा तोवर चालू लागले होते. आत्या रुसली. ती पुढं दोन वर्षं आमच्याकडं आली नाही.

एसटी स्टँडवर विचारलं तेव्हा एकानं सांगितलं, पाटाकडेला एक आहे, स्वस्त आहे, माणसं बरी आहेत. आम्ही जुन्या गावातून निघालो. परंडा हे मी पाहिलेलं पहिलं मोठं गाव. एका बाजूला किल्ल्याची काळी भिंत, तिच्याभोवती खंदक, आणि मग बोळातून एकमेकांना चिकटलेली दगडी घरं. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर पाट होता आणि पाटाच्या काठाला तो लॉज. खालचा मजला जुना, कमानींचा, दगडी. वर नंतर चढवलेल्या पत्र्याच्या चार खोल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'.

लॉज चालवायचे ते एक म्हातारं जोडपं, दोघंच. त्यांना सगळं गाव चाचा आणि चाची म्हणायचं, आम्हीही तेच म्हणू लागलो. चाचा उंच, वाळलेले, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी वही उघडली आणि नाव, गाव विचारलं. मग विचारलं, "येण्याचं कारण?"

"परीक्षा," अण्णा म्हणाले. "हिची. मॅट्रिकची."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "लडकी की परीक्षा," ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, आणि चाची पदराला हात पुसत बाहेर आल्या. अण्णांनी वहीत सही केली. सही ते रात्रीच्या वर्गात शिकले होते आणि करताना जीभ दातात धरायचे. सही पुरी होईपर्यंत चाचा वहीचा कोपरा धरून उभे होते.

आम्हाला मिळालेली खोली कोपऱ्यातली. दोन बाजा, एक दिवा, एक खिडकी. खिडकीतून खाली पाट दिसायचा. पण त्यात पाणी नव्हतं. दगडानं बांधलेला कोरडा चर. त्यात बायका मिरच्या वाळत घालायच्या, शेरडं उतरायची, आणि शाळेला जाणारी पोरं तोच रस्ता म्हणून वापरायची. "धरणातच न्हाय तर इथं कुठून येणार," चाचा म्हणाले. लॉजच्या मागं एक आड होता, त्याचंही पाणी तळाला गेलेलं. चाचींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बेटी, दोन लोट्यात तोंड धुवायचं."

पहिला पेपर मराठीचा. अण्णांनी मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं आणि मी सुटले तेव्हा ते त्याच जागी उभे होते. तीन तास इथंच होते का, असं विचारलं, तर म्हणाले, "किल्ल्याला येढा मारला." किती? "मोजलं न्हाय." चपलेचा टायरचा तळ पांढऱ्या धुळीनं माखला होता.

पेपर तीन तासांचा, उरलेला दिवस खोलीतला. अडचण तिथं होती. मी पुस्तक घेऊन बसायची. अण्णा दुसऱ्या बाजेवर बसायचे, उठायचे, खिडकीतून पाहायचे, जिना उतरून खाली जायचे, वर यायचे. पत्र्याच्या मजल्याला लाकडी जिना होता, त्याची प्रत्येक पायरी वाजायची. वर आले की विचारायचे, "झालं का?"

"काय झालं का?"

"वाचून."

"अण्णा, असं होत नसतं."

"बरं बरं." मग परत खाली.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांच्या बाजेचा सुंभ सैल दिसला. त्यांनी ती उकलून पुन्हा विणली. मग माझी. मग शेजारच्या रिकाम्या खोलीतल्या दोन. चाची वर येऊन म्हणाल्या, "भाई, तुम्ही पाहुणे. हे काय करता?" अण्णा म्हणाले, "हात रिकामा ऱ्हायला की दुखतो." चौथ्या दिवसापर्यंत लॉजमधल्या सगळ्या बाजा ताठ झाल्या होत्या, दारांच्या कड्यांना तेल लागलं होतं आणि मागच्या अंगणातला, चाचांच्या म्हणण्यानुसार निजामाच्या काळापासून पडलेला दगड बाजूला सरकला होता. चाचा आधी खूश होते. दगड हलल्यावर थोडे नाराज झाले. "तो तिथंच बरा होता," ते म्हणाले. अण्णांनी तो परत सरकवून दिला, आणि त्यातही अर्धा दिवस गेला म्हणून त्यांना बरं वाटलं.

मला मात्र बरं वाटत नव्हतं. पुस्तकातली ओळ वाचली की पायरी वाजायची. पायरी वाजली नाही तरी मी ती वाजायची वाट पाहत बसायची. त्यांची ती घालमेल माझ्या अंगात उतरली होती. इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या दिवशी एकच धडा चारदा वाचला आणि डोक्यात काही राहिलं नाही. आपले वडील इतर मुलींच्या वडिलांसारखे झाडाखाली पटका अंथरून झोपत का नाहीत, असं मला वाटायचं, आणि तसं वाटलं म्हणून वाईटही वाटायचं. माझ्यासाठी ते कामाचा खाडा करून आले होते, हे काय मला कळत नव्हतं?

इंग्रजीनंतर एक दिवस सुट्टी, मग बीजगणित, आणि लगेच दुसऱ्या दिवशी भूमिती. गणिताची मला धास्ती. सुट्टीच्या दिवशी दुपारी समीकरणं सोडवायला बसले, तेवढ्यात खाली बाजारात दवंडी पिटली. उद्या पाटाला पाणी सोडणार. फक्त पिण्यासाठी, शेवटच्या गावांतल्या विहिरी भराव्यात म्हणून. मधे कुणी उचलायचं नाही. पाटात कुणाचं काही असेल तर काढून घ्यावं.

पायऱ्या वाजल्या. "उद्या पानी सोडनार हायत," अण्णा म्हणाले.

"ऐकलं."

ते खाली गेले. पुन्हा आले. "मधी कुनी उचलायचं न्हाय म्हनं. पन वरच्या अंगाला ऊस हाय. म्या ढोकीला तोडीला गेलो व्हतो तवा बगितलंय, उसाला किती पानी लागतं. त्यो उसवाला गप बसंल व्हय?"

"मला नाही माहीत, अण्णा."

खाली गेले. मी एक समीकरण निम्म्यावर आणलं. पायऱ्या वाजल्या. "चाचा म्हनतेत, शेवटाला चार वर्सांत पानी पोचलंच न्हाय. नुसता पाट बांधलाय. तू बग, एवढा दगड, एवढी मानसं राबली आसतील, आन् पानी—"

"अण्णा," मी म्हणाले, "तुम्ही इथं असलात की माझा अभ्यास होत नाही. तुम्ही आलातच कशाला?"

मी हे मोठ्यानं म्हणाले. त्यांच्याशी त्या आवाजात मी आधी कधी बोलले नव्हते. खाली चाचींच्या हातातलं भांडंसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. अण्णा दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, जणू मी वाट विचारली होती आणि त्यांना ती माहीत होती. मग ते खाली गेले आणि अंधार पडेपर्यंत पुन्हा वर आले नाहीत. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. ते पाटाच्या काठावर उभे होते. बायका खाली उतरून मिरच्या गोळा करत होत्या आणि ते वरून पाट्या हातात घेत होते.

सकाळी त्यांनी मला फाटकाशी सोडलं. पिशवीतून गूळ-शेंगदाण्याची पुडी दिली. "सुटल्यावर हितंच थांब," ते म्हणाले. "म्या हाय."

बीजगणिताचा पेपर ना बरा गेला ना वाईट. दोन गणितं सोडली. बाहेर आले तर अण्णा फाटकाशी नव्हते. मी लिंबाखाली थांबले. वर्गातल्या मुली आपापल्या वडील-मामांबरोबर उत्तरं पडताळत गेल्या. एकीनं विचारलं, "तुझे वडील?" मी म्हणाले, येतील. शिपायानं फाटक लावलं, तरी मी उभी होते. मग त्याच शिपायानं सांगितलं, "पोरी, घरी जा. ऊन लागंल." आयुष्यात पहिल्यांदा मी एका अनोळखी गावातून एकटी चालत गेले. बोळ चुकले, खंदकाच्या दुसऱ्या बाजूला निघाले आणि परत फिरले.

लॉजपाशी गर्दी होती. पाटाला पाणी आलं होतं. गढूळ, तांबडं, काडीकचरा घेऊन वाहणारं, निम्म्याच्या वर. माणसं काठावर नुसती उभी राहून बघत होती. चाची हंडे भरत होत्या. चाचांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की अण्णा तिथंही नाहीत.

"ते पाण्याच्या संगं गेले, बेटी," चाचा म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी नीट सांगितलं. सकाळी पाणी आलं ते एकदम नव्हे. कोरड्या पाटातून पाण्याचं तोंड पुढं सरकत येतं, माणसाच्या चालीनं. त्या तोंडाबरोबर काठानं पाच माणसं चालत होती, हातात काठ्या, एकाकडं खोरं. अगदी शेवटच्या गावाची माणसं ती. मधे कुणी पाणी फोडू नये म्हणून धरणापासून पाण्याबरोबर निघाली होती. अण्णा इथं उभे होते. त्यांनी त्यांना काहीतरी विचारलं आणि बोलत बोलत त्यांच्याबरोबर चालू लागले. "म्हणाले, त्या वळणापर्यंत जाऊन येतो. मी म्हटलं, पोरगीचा पेपर सुटेल. म्हणाले, त्याच्या आत येतो."

तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मी वर जाऊन भूमितीचं पुस्तक उघडलं. पायरी एकदाही वाजली नाही. खोली इतकी शांत झाली की मला बसवेना. मी बाजेवरून उठले, खिडकीशी गेले, परत आले, परत गेले. चार वाजले, पाच वाजले. आपण बोललो म्हणून ते गेले, एवढंच डोक्यात येत होतं. तुम्ही आलातच कशाला. त्यांनी ते खरं धरलं असेल, आणि असेच चालत गावाकडं निघून गेले असतील. मग वाटलं, नाही, मला टाकून ते जाणार नाहीत. म्हणजे काहीतरी झालं असणार. त्यांना पोहता येत नव्हतं. आमच्या माळावर पोहायला होतंच काय?

पाण्यावरून एक चप्पल वाहत आली. मी जिना उतरून धावत काठाला गेले. चाचींनी माझा दंड धरला. प्लास्टिकची चप्पल होती, लहान मुलाची. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. वर खिडकीशी येऊन बसल्यावर पुष्कळ वेळानं ध्यानात आलं की अण्णा खालच्या अंगाला गेलेत, वरून वाहत येणारं काहीही त्यांचं असणार नाही. हे ध्यानात आल्यावर मी खिडकीपासून उठले, आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच जाऊन बसले.

चाचा सायकल घेऊन काठाकाठानं गेले आणि दिवेलागणीला परतले. दुसऱ्या पुलापर्यंत गेले होते. तिथल्या चहावाल्यानं सांगितलं, सहा माणसं गेली, पाण्याबरोबरच, दुपारीच पुढं गेली. "सहा," चाचा मला म्हणाले, "पाच नव्हे. म्हणजे तुझे अब्बा त्यांच्यातच आहेत. पाच माणसं संगं असलेला माणूस हरवत न्हाय."

चाचींनी मला वर झोपू दिलं नाही. खाली त्यांच्या खोलीत, त्यांच्याजवळ अंथरूण घातलं. मी ताटातली भाकरी नुसती चिवडत बसले. त्यांनी भाकरी दुधात कुस्करली. "भूमिती म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्रिकोण, वर्तुळं. "मग मला सांग," त्या म्हणाल्या. "मला काय कळणार न्हाय. तू सांग, मी ऐकते." आणि मी त्यांना प्रमेयं सांगितली. त्या पंखा हलवत 'हां, हां' म्हणत राहिल्या. सिद्धता संपली की म्हणायच्या, "आता पुढचं." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दिवशी माझा जेवढा अभ्यास झाला तेवढा आधीच्या पाच दिवसांत झाला नव्हता, आणि त्याचीही मला लाज वाटत होती.

सकाळी अण्णा आले नव्हते. चाची बुरखा घालून तयार झाल्या. चाचा म्हणाले, "मी सोडतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही पाटाकडं बघा. मी हिच्यासंगं जाते." त्या बाजारातसुद्धा फारशा जात नसत. फाटकाशी त्या लिंबाखाली बसल्या आणि मी पेपर लिहून बाहेर येईपर्यंत, तीन तास, तिथंच बसून राहिल्या. आजूबाजूला सगळे पुरुष. पेपरात एका प्रमेयापाशी मी अडले, तेव्हा 'आता पुढचं' हे मला ऐकू आलं आणि मी पुढचं लिहिलं.

आम्ही परतलो तर लॉजसमोर एक बैलगाडी उभी होती आणि चाचा अण्णांना धरून खाली उतरवत होते. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. चपला पायात नव्हत्या. पाय सुजून दगडासारखे झाले होते. त्यांनी मला पाहिलं आणि हसण्याचा प्रयत्न केला.

"पेपर कसा गेला?" ते म्हणाले.

"कुठला? दोन झाले."

त्यांनी मान खाली घातली. मी तशीच वर निघून गेले. जिन्यात मला रडू आलं. खालून चाचा पाणी तापवायला सांगत होते.

थोड्या वेळानं खाली आले तेव्हा अण्णा कमानीखाली बाजेवर होते, पाय मिठाच्या कोमट पाण्यात. चाचा चष्मा लावून सुईनं त्यांच्या तळव्यातले बाभळीचे काटे काढत होते. मी समोर उभी राहिले. अण्णांनी सांगायला सुरुवात केली. सांगत होते चाचांना, पण बघत माझ्याकडं होते.

"वळनापतुर जायचं व्हतं. तिथं गेलो तर पानी पुढं निघालं. त्यांच्यातला म्हातारा लंगडत व्हता. त्याच्याजवळचं खोरं म्या घेतलं. म्हनलं, पुलापतुर नेतो. पुलापाशी उसाचं रान लागलं. पाटात चार नळ सोडलेले, वर इंजनं लावून ठिवलेली. आमी नळ वढून भाईर टाकले. मालक आला."

"भांडण झालं?" चाचांनी विचारलं.

"भांडन न्हाय. त्यो शिव्या द्यायला लागला. आमी सा जन नुसतं उभा ऱ्हायलो. कुनीच काय बोलंना. त्यानं बी लई येळ बगितलं. मंग इंजन बंद करून गेला." ते माझ्याकडं वळले. "तितं ध्यानात आलं, दोन वाजून गेलं असतील. तू सुटली असशील. परत फिरनार व्हतो. खोरं म्हाताऱ्याच्या हातात दिलं. तेवढ्यात पुढं पाटाचा काठ फुटला. खेकड्याचं बीळ व्हतं. मंग सगळेच आत उतरलो."

"तुम्हाला पोहता येत नाही," मी म्हणाले.

"छातीयेवढं व्हतं. पवायचं काय काम? माती, पाला, पोती, जे घावलं ते कोंबलं. ते व्हईस्तवर अंधार पडला. मंग काय, पानी जागं तवर आमी जागं."

"आणि पोचलं का?" चाचांनी विचारलं. त्यांचा हात थांबला होता.

"पोचलं. येवढंच," अण्णांनी वीत करून दाखवली. "पन पोचलं. दिस उगवायला. गावाकडं वळनाऱ्या चारीच्या तोंडाला म्या उभा व्हतो, पानी माझ्या पायापाशी आधी आलं. बसलो आन् वंजळीनं प्यालो. गावची मानसं जमलेली. एकानं इचारलं, पावनं कुठलं? गाव सांगितलं. मंग आडनाव इचारलं. ते बी सांगितलं."

चाचांनी सुई खाली ठेवली. कोणत्या घरचे ते आडनावावरून कळायचंच, आणि पाण्याला आधी हात कुणी लावला, याच्यावर गावात काय काय होऊ शकायचं ते त्या वेळच्या कुणाला सांगायला लागत नव्हतं.

"दोघं-तिघं मागं सरले," अण्णा म्हणाले. "काय बोलले न्हाईत. मंग त्यो म्हातारा, ज्याचं खोरं व्हतं, माझ्याशेजारी खाली बसला आन् तितंच वंजळ लावली. बराच येळ पीत ऱ्हायला. मंग त्याच्या सुनंनं घागर बुडवली. त्यानंच गाडी जोडून दिली."

चाचींनी आतून चहा आणला. मी अण्णांच्या शेजारी बसले. मला वाटलं होतं मी खूप काही बोलेन. मी फक्त विचारलं, "चपला कुठं आहेत?"

"त्या काठ फुटला तितं. कोंबल्या," ते म्हणाले, आणि चाचा हसले. मग मीही हसले, पण राग गेला नव्हता. तो पुढं बरेच दिवस होता.

उरलेले दोन पेपर मी एकटीच जाऊन दिले. अण्णांना पाय टेकवत नव्हते. ते खिडकीशी बाजेवर पडून पाटाकडं पाहायचे. तिसऱ्या दिवशी पाणी बंद झालं आणि चौथ्या दिवशी चराच्या तळाशी शेरडं उतरली. ते पडून असताना मला अभ्यास चांगला जमेल असं वाटलं होतं. पण आता मीच दर थोड्या वेळानं उठून त्यांच्या पायाची सूज बघायची. "वाच तू," ते म्हणायचे. "म्या कुठं जात न्हाय."

निघताना चाचींनी माझ्या हातात अंडी उकडून दिली. अण्णांनी चाचांच्या जुन्या चपला घातल्या होत्या, पुढं बोटं बाहेर येत होती.

घरी आल्यावर आईनं त्यांचे पाय पाहिले आणि सगळी हकीकत माझ्याकडून ऐकून घेतली. ती चिडेल असं मला वाटलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आन् आपल्या गावाला कधी येतुया पाट?"

"न्हाय येत," अण्णा म्हणाले. "आपलं गाव उंचावर हाय. पाट खालून जातो."

"म्हंजी कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय."

आईनं भाकरी तव्यात टाकली. "मंग दुसऱ्याच्या पान्यामागं हिंडून पाय फोडून घेतलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुजल्या पायानं अण्णा बांधाच्या कामावर गेले.

मी पास झाले. बीजगणितात काठावर, भूमितीत बरी. पुढं शिकले, मास्तरीण झाले. त्या शेवटच्या गावाहून पुढच्या वर्षी एक कार्ड आलं. म्हाताऱ्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. पाहुणे, अमुक आठवड्यात पाणी सोडणार आहेत, यावे. मीच ते वाचून दाखवलं. अण्णा गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. म्हातारा वारल्याचंही कार्डच आलं, तेव्हा ते गेले आणि दोन दिवसांनी आले, आणि त्यानंतर कार्डं बंद झाली.

पुष्कळ वर्षांनी ते माझ्याकडं धाराशिवला राहायला आले. गुडघे गेले होते, त्यामुळं घरातल्या घरात काठी टेकत येरझाऱ्या घालायचे. एकदा मी वह्या तपासत होते आणि ते माझ्या खुर्चीमागून पाचव्यांदा गेले. मी पेन खाली ठेवलं आणि इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अण्णा, परंड्याला मी तुम्हाला बोलले होते. तुम्ही आलातच कशाला, असं. आठवतं का?"

"आठवतं की."

"त्याच्यामुळं गेलात का तुम्ही?"

ते थांबले. काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू खरं तेच बोलली व्हतीस," ते म्हणाले. "मला काय तितं बसवत नव्हतं. पानी सोडलं नसतं तर खंदकाभवती फिरलो असतो."

"पण तुम्ही म्हणाला होतात, फाटकाशी आहे म्हणून."

"व्हय," ते म्हणाले. "ते चुकलंच." आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडं चालत गेले.